स्विफ्टचं स्टिअरिंग ८०-९० ला थरथरतं: रॅक बदलायच्या आधी काय बघायचं

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, काही चुकलं तर सांगा. २००८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, रनिंग सव्वा लाखाच्या पुढे, पावसाळ्यात नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या पुढे डावं पुढचं चाक खड्ड्यात जोरात आदळलं आणि तेव्हापासून ८० ते ९५ च्या मधे स्टिअरिंग थरथरतंय, १०० च्या वर गेलं की उलट जरा कमी वाटतं, शिवाय गाडी किंचित डावीकडे जाते. पुढे दोन नवीन टायर टाकले, दोन वेगवेगळ्या ठिकाणी अलाइनमेंट-बॅलन्सिंग केलं, काही फरक नाही. आता मेकॅनिक म्हणतात रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारी यंत्रणा) गेला, पूर्ण असेंब्ली टाका. आणि तुम्ही विचारताय टाकू का.

अजून नको. रॅक खरंच गेलेला असू शकतो, सव्वा लाख चाललेल्या गाडीत त्यात नवल नाही, पण तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ती रॅकची कमी आणि चाकाची जास्त वाटतात. गाडी न बघता छातीठोक सांगता येणार नाही हे खरंय, पण कुठल्या क्रमाने बघायचं हे नक्की सांगता येतं आणि त्यातलं निम्मं तुम्ही स्वतः घरी फुकटात करू शकता.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या गाडीत दोन वेगळी दुखणी आहेत आणि सगळे मिळून त्यांना एकच औषध देतायत. थरथर वेगळी, ओढणं वेगळं. अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते, त्यात गडबड असेल तर गाडी ओढेल, टायर एका साइडने खाईल, स्टिअरिंग वाकडं राहील. पण ठराविक स्पीडलाच थरथर येणं हे जवळपास नेहमी काहीतरी फिरणारी वस्तू नीट फिरत नाही म्हणून असतं, म्हणजे टायर, रिम, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ब्रेकची डिस्क, एक्सल (चाक फिरवणारा दांडा) यापैकी काहीतरी. आमच्याकडे गॅरेजला रोज लोक येतात की थरथरतंय अलाइनमेंट करून द्या, आणि करून दिलं तर पैसे जातात, थरथर तिथेच.

आता ८०-९५ लाच का ते बघा, यात थोडं गणित आहे पण सोपं आहे. तुमच्या टायरचा घेर दोन मीटरच्या जरा आत येतो. ९० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास १३ फेरे मारतं. चाकात काही असमतोल असेल तर सेकंदाला १३ धक्के. आणि पुढचं चाक, नकल (हब धरणारा भाग), लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा हात) हे सगळं मिळून जे वजन आहे ते साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा या मापातच हलायला तयार बसलेलं असतं. दोन्ही जुळलं की छोटासा असमतोल मोठा होऊन हातात येतो, स्पीड वाढवला की जुळणी मोडते आणि थरथर कमी वाटते. म्हणजे १०० च्या वर कमी होतं हे तुम्ही जे लिहिलंय तोच सगळ्यात मोठा पुरावा आहे. ढिला रॅक स्पीड बघून थरथरत नाही, तो गंगापूर रोडच्या स्पीड ब्रेकरवर आणि खडबडीत रस्त्यावर ३० च्या स्पीडला टकटक करतो.

पुढे जायच्या आधी एक ट्रायल मारा आणि चार गोष्टी नीट आठवून लिहा. आडगावच्या पुढे ओझरकडे सरळ पट्टा मिळतो, सकाळी लवकर जा. उड्डाणपुलावर ट्रायल घेऊ नका, तिथले जॉइंट सारखे धपधप करतात आणि काही कळत नाही. बघायचं काय, तर थरथर हातात येते की सीटमधे? हातात म्हणजे पुढची चाकं, सीट आणि फ्लोअरमधे म्हणजे बहुतेक मागची. ब्रेक हलका दाबल्यावर वाढते का? वाढत असेल तर डिस्ककडे बोट जातं. पाय अॅक्सिलरेटरवर असताना येते आणि काढला की लगेच शांत होते का, म्हणजे कसारा घाट चढून येताना जोर लावला की जास्त आणि सोडलं की गायब? तसं असेल तर एक्सलचा आतला जॉइंट. आणि चौथं, गाडी उभी असताना न्यूट्रलमधे तेवढाच आरपीएम रेझ करून बघा, उभ्या गाडीतही थरथर आली तर चाकांचा संबंधच नाही, इंजिन माउंटिंग बघा. चालत्या गाडीत न्यूट्रल टाकून हे बघायला जाऊ नका, उभ्या गाडीत पुरेसं कळतं.

ब्रेकचा आणि पिकअपचा संबंध नाही, थरथर हातातच आहे असं उत्तर आलं असं धरून पुढे लिहितो, कारण खड्ड्याची गोष्ट तुम्ही सांगितलीय.

सगळ्यात आधी डाव्या पुढच्या चाकाची रिम. नवीन टायर टाकले म्हणून चाक नवीन झालं असं सगळे समजतात, पण टायर नवीन, रिम तीच. खड्ड्यात रिम बहुतेक वेळा आतल्या कडेला बेंड होते, बाहेरून व्हील कव्हर लावलेलं असतं, आतलं कोणी बघत नाही. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, चाकाचे नट जमिनीवर असतानाच जरा सैल करून परत टाइट करून घ्या म्हणजे कुठला अडकलेला नाही हे कळेल, मग जॅक लावून चाक उचला, गिअर न्यूट्रल करा. जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, शिरायचंच असेल तर घोडी (जॅक स्टँड) लावा. मग एक स्क्रूड्रायव्हर कशावर तरी पक्का टेकवून त्याचं टोक रिमच्या कडेजवळ धरा आणि चाक हाताने हळू फिरवा. टोक आणि कड यातलं अंतर एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल तर रिमला आउट आहे, म्हणजे ती वाकडी फिरतेय. बाहेरची कड बघा, आतली कड बघा, आणि टायरचा माथा (रस्त्याला टेकणारा भाग) पण बघा, टायर नवीन असला तरी रिमवर नीट बसलेला नसेल तर तो वर-खाली नाचतो. रिमलगत टायरवर एक बारीक रेघ असते, ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी, एका ठिकाणी आत गेलेली दिसली तर टायर बसलेला नाही, हवा सोडून साबणपाणी लावून परत बसवायला सांगा.

आता तुम्ही म्हणाल की बॅलन्सिंग मशीनने तर शून्य दाखवलं. तिथेच गंमत आहे. मशीन वजनाचा समतोल सांगतं, चाक गोल आहे की नाही ते सांगत नाही. अंड्यासारख्या चाकालाही वजनं ठोकून शून्य आणता येतं, पण रस्त्यावर ते उड्याच मारणार. त्यामुळे पुढच्या वेळी बॅलन्सिंगला गेलात की आकडा बघू नका, मशीनवर चाक फिरत असताना समोर उभे राहून रिमची आतली कड बघा. डोळ्यालाच दिसतं. आणि शून्य आल्यावर त्याला सांगा की चाक ढिलं करून शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून परत लाव आणि परत फिरव. आकडा परत एक-दोन ग्रॅमच्या फरकाने शून्याजवळ आला तर काम बरोबर, एकदम १५-२० दाखवायला लागला तर चाक मशीनच्या शंकूवर (चाक मध्यावर धरणारा कोन) नीट बसलंच नव्हतं आणि आधीचं सगळं बॅलन्सिंग वाया. काही जण कंटाळा करतात, काही रागावतात पण, तरी सांगा, पैसे आपले आहेत.

अजून एक, आणि हे आपल्याकडे जास्त बघायला मिळतं. निफाड, दिंडोरी साइडला शेतात गाडी जात असेल तर काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळते आणि दगडासारखी होते. वॉशिंगवाला बाहेरून चकचकीत करून देतो, आत पाव किलो माती तशीच. बॅलन्सिंगच्या आधी रिम आतून खरवडून घ्या. तसंच जुनी वजनं काढून परत शून्यापासून करायला सांगा, जुन्यावर नवीन ठोकत गेले की एकाच रिमवर वजनांची रांग लागते आणि एखादं पडलं की परत पहिल्यापासून. बाहेरची अलॉय टाकलेली असतील तर त्यांचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं बऱ्याचदा, त्यात रिंग नसेल तर चाक हबच्या मध्यावर बसतच नाही, नटच्या भरवशावर असतं. तुम्ही कंपनीच्या स्टील रिम लिहिल्यात म्हणून हा मुद्दा सोडतो.

सगळ्यात स्वस्त टेस्ट तर वेगळीच आहे. डावं पुढचं चाक काढून तिथे स्टेपनी लावा. साइज तीच आहे ना, फार जुनी नाही ना आणि हवा बरोबर आहे ना बघून घ्या, टायरवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा-बारा वर्षांची स्टेपनी घेऊन ९० ला जायचं नाही, तसं असेल तर मागचं डावं चाक पुढे घ्या आणि पुढचं मागे. थरथर हातातून गेली, किंवा हातातून सीटमधे गेली, तर चाकच दोषी, रॅक नाही आणि सस्पेन्शन पण नाही. काहीच बदललं नाही तर उजव्या बाजूला तेच करून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि यात एक रुपया लागत नाही, पण हे न करता रॅक बदललेल्या गाड्या माझ्याकडे येतात हो.

स्टील रिम बेंड निघाली तर सरळ करून मिळते, थोडी असेल तर चालून जातं, पण मी तरी पुढे नवीन किंवा चांगली जुनी रिम टाकून सरळ केलेली स्टेपनीला ठेवतो. अलॉय असती तर सांगितलं असतं की गरम करून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, क्रॅक जायची भीती असते.

चाक काढलंच आहे तर हबचा तोंडाचा भाग वायर ब्रशने घासून घ्या. तिथे गंज किंवा मातीची पापडी असेल तर डिस्क तिरकी बसते, चाकही तिरकं बसतं. हबवर केसाएवढा फरक असला तरी चाकाच्या कडेला तो कितीतरी मोठा होऊन येतो. डिस्क डायल गेजवर मोजायची झाली तर साधारण ०.१ मिलिमीटरच्या वर आउट गेलं की ब्रेकला थरथर जाणवायला लागते. कॅलिपरच्या पिना हाताने सरकतात का बघा, जाम असतील तर पॅड घासत राहतो, डिस्क तापते आणि मग लांबच्या प्रवासात तासाभराने थरथर सुरू होते, जवळपास फिरताना काहीच नाही. एका साइडची पिन जाम असेल तर गाडी त्या साइडला ओढते पण, तुमच्या डावीकडे ओढण्याचं एक कारण हेही असू शकतं. लांब जाऊन आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या, हात लावू नका, एक साइड जास्त तापलेली लगेच कळते.

नट लावताना हवेच्या गनने टाकटाक करून नका लावू देऊ. आधी हाताने, मग समोरासमोर असे क्रमाने, आणि शेवटी जमिनीवर टॉर्क पान्याने. या गाडीला ८५ न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क असतो, मॅन्युअल असेल तर त्यात बघून घ्या.

आता सस्पेन्शन. ढिलं सस्पेन्शन सहसा स्वतःहून थरथर तयार करत नाही, चाकातली छोटी थरथर ते मोठी करून हातापर्यंत पोचवतं. म्हणून नवीन गाडीत १० ग्रॅम असमतोल असला तर कळत नाही आणि जुन्या गाडीत तेवढाच त्रास देतो. चाक हवेत असताना घड्याळातल्या ९ आणि ३ वर हात ठेवून हलवा. खडखड लागली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे रॅकपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा बाहेरचा किंवा आतला जॉइंट. १२ आणि ६ वर हलवलं आणि खडखड लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. यात ओळखायचं कसं, तर कोणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा, प्ले (ढिलेपणा) गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर जॉइंट. रॅक एंडसाठी रबरी बूट हाताने दाबून आतला जॉइंट बोटांना लागतो का बघायचं, कोणी स्टिअरिंग थोडं डावं-उजवं केलं की हाताला कळतं. हा रॅक एंड वेगळा मिळतो बरं का, त्याच्यासाठी पूर्ण असेंब्ली लागत नाही. तुमच्या मेकॅनिकनी नक्की कुठला प्ले बघून रॅक गेला म्हटलं ते विचारा, गाडी उचलून हात लावून दाखवायला सांगा. दाखवला तर मी माझे शब्द मागे घेतो.

पण सस्पेन्शनमधे माझा जास्त संशय डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशवर (रबरी जोडावर) आहे. या पिढीच्या स्विफ्टचा लोअर आर्म इंग्रजी एल अक्षरासारखा असतो, त्याचा मागचा मोठा बुश खड्ड्याचा सगळा धक्का खातो. रबर फाटलं की ब्रेक मारताना चाक किंचित मागे सरकतं, जोर लावला की पुढे येतं, म्हणजे अलाइनमेंट मशीनवर उभ्या गाडीत सगळं हिरवं, म्हणजे बरोबर दिसतं आणि रस्त्यावर मात्र टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचा कोन) सारखा बदलत राहतो. टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म पुढे-मागे हलवून बघायला सांगा, रबरात नुसती बारीक चीर असेल तर घाबरू नका, आरपार फाटून आतली नळी हलत असेल तर बदला. आणि एक गोष्ट पाठ करून ठेवा, बुश बदलल्यावर त्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, पूर्ण वजन आल्यावर फायनल टाइट करायचे. हवेत लटकलेल्या आर्मवर टाइट केले की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवीन बुश काही महिन्यांत फाटतो, मग लोक म्हणतात डुप्लिकेट पार्ट दिला.

बॉल जॉइंटमधे प्ले सापडला तर मात्र गंमत नाही, तो निसटला तर चाक आत दुमडतं. तशा गाडीने घाटात जायचं नाही, गावातल्या गावात गॅरेजपर्यंत नेऊन बदलून घ्या. टायरच्या साइडला कुठे फुगवटा दिसला तरी तेच, समृद्धीवर वगैरे तर बिलकुल नाही. लिंक रॉड आणि स्ट्रट माउंटिंग आवाज करतात, थरथरीशी त्यांचा संबंध कमी, वेळ मिळेल तेव्हा करा. शॉकअप गेला असेल तर टायरवर खड्डे-खड्डे पडतात, हात फिरवला की लागतात.

जाता जाता एक. तुमच्या काकांनी सांगितलं की कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा पुढे-मागे कल) बघ, त्यांच्या जीपला तसंच व्हायचं. ते चुकीचं सांगत नाहीयेत, पण जुन्या लीफ स्प्रिंगवाल्या जीपला पुढे सलग एक्सल असायचा, त्यात किंगपिन ढिले झाले आणि कॅस्टर बिघडला की एका खड्ड्यावरून गाडी जी नाचायला लागायची ती जवळपास थांबवल्याशिवाय थांबायची नाही. तुमच्या गाडीची रचनाच वेगळी, हे दुखणं तसं नाही.

आता ओढण्याकडे येऊ. आधी दोन्ही बाजूंची हवा सारखी आहे का बघा, ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो त्याप्रमाणे, टायर गार असताना. आपले रस्ते पाणी जायला डावीकडे उतरते असतात, त्यामुळे किंचित डावीकडे जाणं प्रत्येक गाडी करते, मोठ्या सपाट मोकळ्या जागेत बघितल्याशिवाय ठरवू नका. मग पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावा, टायरवर फिरायच्या दिशेचा बाण नसेल तरच. ओढणं उजवीकडे आलं तर टायरच्या आतल्या बनावटीचा दोष, नवीन टायरमधेही असतो, दुकानदाराकडे जा. डावीकडेच राहिलं तर ब्रेक किंवा चाकांचे कोन.

आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. ढिल्या बुशवर अलाइनमेंट करणं म्हणजे ढिल्या खिळ्यावर फोटोची फ्रेम सरळ करत बसणं. तुमच्या गाडीत कंपनीने फक्त पुढचा टो अॅडजस्ट करायला दिलाय, कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर झुकण्याचा कोन) आणि कॅस्टर मशीनवर दिसतात पण त्यांना अॅडजस्टमेंट नाही, मागचा एक्सल तर पूर्ण फिक्स. त्यामुळे डाव्या साइडचा कॅम्बर किंवा कॅस्टर उजव्यापेक्षा बराच वेगळा दिसला तर त्याचा अर्थ काहीतरी बेंड आहे, आर्म, नकल, स्ट्रट, किंवा क्रॉस मेंबर (आर्म ज्याला जोडलेला असतो ती आडवी चौकट) सरकलाय. खड्ड्यानंतर नेमकं हेच कागदावर दिसायला हवं होतं, पण अनेक ठिकाणी टो हिरवा झाला की गाडी बाहेर. स्टिअरिंग सरळ दिसावं म्हणून कोणी स्टिअरिंग व्हील काढून दात बदलून बसवत असेल तर थांबवा, ते दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून करायचं असतं.

म्हणजे क्रम असा: स्टेपनीची टेस्ट, रिमचा आउट, हब साफ करून नीट बॅलन्सिंग, मग प्ले आणि बुश, मग शेवटी एकदाच अलाइनमेंट. रिमवर किंवा चाकाच्या अदलाबदलीवरच उत्तर मिळालं तर थरथरीसाठी पुढचं काही करायची गरज नाही, बुश मात्र तरी बघून घ्या.

दोन्ही ठिकाणच्या अलाइनमेंटचे प्रिंट मिळाले असतील तर त्यांचे फोटो टाका, अॅडजस्ट करायच्या आधीचे आकडे असलेला कागद असेल तर तोच आधी, आणि डाव्या रिमच्या आतल्या कडेचा एक. प्रिंट दिले नसतील तर परत जाऊन मागा, मशीनमधे बऱ्याचदा गाडीच्या नंबरवर सेव्ह असतात.